पहिला सर्व्हर लावताना एवढं बघ

भाऊ, आडतीचा हिशेब एका डेटाबेसमध्ये, गोदामाचा साठा दुसऱ्यात, आणि दोन्ही जोडायचेत ना? जमतंय. सुरुवातीला थोडंच सांभाळ.

चाचणीचं मशीन वेगळं ठेव. चालू डेटाबेसवर प्रयोग नको, सोयाबीनच्या हंगामात तर मुळीच नको. चाचणीच्या मशीनवर डेटाबेसची आणि ड्रायव्हरची (डेटाबेसशी बोलणी करून देणारा छोटा प्रोग्राम) आवृत्ती चालू मशीनवर आहे तीच असू दे.

जोडणी होईना, तर सॉफ्टवेअरला शिव्या घालण्याआधी फायरवॉलमध्ये (बाहेरच्या जोडण्या अडवणारी भिंत) पोर्ट, म्हणजे जोडणीचं दार, उघडं आहे का ते बघ. तुझा डेटाबेस कोणता त्यावर नेहमीचा क्रमांक: पोस्टग्रेस ५४३२, मायएसक्यूएल ३३०६, ओरॅकल १५२१.

खरी गोम अक्षरांत आहे. नवखे लोक इंग्रजी नावं टाकून चाचणी घेतात आणि मराठी नोंद आली की अडकतात. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. 'लातूर' १५ बाइटांत बसतं, म्हणून सगळं ठीक वाटतं. 'धाराशिव' मात्र काना-वेलांटी धरून ७ चिन्हं, म्हणजे २१ बाइट. ओरॅकलमधला २० बाइटचा रकाना ते घेतच नाही. मायएसक्यूएल असेल तर अक्षरसंच यूटीएफ८एमबी४च निवड, साधं यूटीएफ८ नको.

बाकी पटकन:
- अ‍ॅडमिनच्या खात्यानं जोडू नको. वेगळा युजर, लागतील तेवढेच हक्क.
- मशीन बंद-चालू करून डेटाबेसची सर्व्हिस आपोआप उठते का बघ. आपल्याकडं लाइटीचा नेम नाही.
- बॅकअप एकदा तरी परत भरून बघ, नुसती फाइल दिसली म्हणून निर्धास्त राहू नको.

क्लस्टर, कंटेनर, रेप्लिकेशन असली पुढची मोठी कामं सध्या राहू दे. आधी दोन्हीकडच्या नोंदी रोज जुळू देत.