डायअ‍ॅसिटिल: खायला चालतं, मग हुंगायला का नाही? वाचकांची प्रश्नोत्तरे

बटर फ्लेवरला लोण्याचा वास देणारं रसायन म्हणजे डायअ‍ॅसिटिल. त्याबद्दलची पत्रं वेगवेगळ्या लोकांची असतात, पण गोंधळ एकच: अन्नात घालायला परवानगी आहे, म्हणजे सगळ्याच बाबतीत निर्धोक. तसं नाही. म्हणून यावेळी निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: डायअ‍ॅसिटिल नैसर्गिक लोण्यात आणि बिअरमध्येही असतं. मग कारखान्यातल्या डायअ‍ॅसिटिलची एवढी भीती का घालता?

कारण लोणी पोटात जातं आणि वाफ फुप्फुसात. खाण्यासाठी 'सुरक्षित' हा शिक्का खाण्यापुरताच असतो. श्वासावाटे रोज आठ तास घेतल्यास काय होईल, हे ते ठरवताना तपासलेलं नसतं. तयार पदार्थात डायअ‍ॅसिटिल किलोमागे काही मिलिग्रॅम असतं. मिक्सिंगच्या खोलीत कामगार उघड्या डब्यातून जवळजवळ शुद्ध द्रव ओततो, आणि तोही बऱ्याचदा गरम तेलात. ती वाफ सूक्ष्म श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला इजा करते. अस्तर भरून येताना व्रण उरतो, नळी आक्रसते आणि पुन्हा मोकळी होत नाही. या विकाराचं नाव ब्रॉन्किओलायटिस ऑब्लिटरन्स. लोक 'पॉपकॉर्न लंग' म्हणतात, कारण २००० साली अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या जॅस्पर इथल्या मायक्रोवेव्ह पॉपकॉर्न कारखान्यात पूर्वी काम केलेल्या आठ जणांमध्ये हा प्रकार उघडकीस आला. तिथे फक्त तेल आणि फ्लेवर मिसळणारेच बाधित नव्हते. गुणवत्ता तपासणीसाठी दिवसभर पाकिटं फोडणाऱ्यांनाही त्रास झाला होता. नंतर फ्लेवर बनवणाऱ्या आणि कॉफी भाजणाऱ्या कारखान्यांतही असे रुग्ण सापडले. कॉफी भाजताना डायअ‍ॅसिटिल आपोआपच तयार होतं, वरून फ्लेवर घाला किंवा घालू नका.

प्रश्न: घरी केकमध्ये बटर इसेन्सचे चार-पाच थेंब घालते. काही धोका?

नाही. फक्त बाटली नाकाला लावून हुंगू नका आणि इसेन्स तापलेल्या कढईत थेट ओतू नका.

प्रश्न: मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नचं पाकीट उघडल्यावर येणारी वाफ घातक असते का?

अधूनमधून खाणाऱ्याला घाबरण्याचं कारण नाही. पण पाकिटातली बहुतेक वाफ उघडण्याच्या क्षणीच बाहेर पडते, म्हणून दोन-तीन मिनिटं थांबा आणि तोंडापासून लांब धरून उघडा. मोठ्या उत्पादकांनी २००७ नंतर डायअ‍ॅसिटिल काढून टाकलं. त्याऐवजी काय घातलं, ते पुढच्या उत्तरात वाचा.

प्रश्न: आमचा पुरवठादार 'डायअ‍ॅसिटिल-मुक्त' बटर फ्लेवर देतो. आता मास्क आणि एक्झॉस्टचा खर्च वाचेल ना?

वाचणार नाही. 'मुक्त' लिहिलेल्या डब्यात बहुतेक वेळा २,३-पेंटेनडायोन असतं. रेणूत एक कार्बन जास्त, बाकी ठेवण तीच. उंदरांवरच्या प्रयोगांत त्यानेही श्वासमार्गाच्या अस्तराला तशीच इजा केली. कधी २,३-हेक्झेनडायोन असतं. कधी अ‍ॅसिटॉइन असतं, आणि त्यात डायअ‍ॅसिटिल अशुद्धीच्या रूपात येतंच. 'स्टार्टर डिस्टिलेट' हे नाव दुधासारखं निष्पाप वाटतं, पण त्यातलं काम करणारं द्रव्य डायअ‍ॅसिटिलच. डायअ‍ॅसिटिल ट्रायमर, म्हणजे डायअ‍ॅसिटिलचे तीन रेणू जोडून केलेलं द्रव्य, तर उष्णता आणि ओलावा मिळाला की पुन्हा डायअ‍ॅसिटिल सोडतो. ही लेबलावरची हातचलाखी आहे.

अमेरिकेच्या निऑश या कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने २०१६ मध्ये शिफारस केलेली मर्यादा अशी: डायअ‍ॅसिटिलसाठी कामाच्या दिवसाची सरासरी ५ पीपीबी, म्हणजे हवेच्या अब्ज भागांत पाच भाग, आणि कुठल्याही १५ मिनिटांत २५ पीपीबी. पेंटेनडायोनसाठी ९.३ आणि ३१. दुसरे आकडे मोठे आहेत, म्हणून ते निम्मं घातक, असं विक्रेते सांगतात. साफ चूक. ९.३ हा आकडा मोजणीच्या तंत्राला खात्रीने जेवढं टिपता येतं त्यावरून आला आहे, विषारीपणा कमी म्हणून नाही. पुरवठादाराकडे घटकांची लेखी यादी मागा. 'गोपनीय फॉर्म्युला' असं उत्तर आलं, तर तो माल डायअ‍ॅसिटिल असल्यासारखाच हाताळा आणि औद्योगिक आरोग्यतज्ज्ञाकडून हवा मोजून घ्या.

प्रश्न: सुरुवातीला वास असह्य व्हायचा, आता जाणवतही नाही. म्हणजे हवा सुधारली असावी.

हवा तीच आहे, नाक थकलं आहे. वासावरून मात्रा ठरवू नका. हवा मोजा.

प्रश्न: मिक्सिंगच्या खोलीत नेमकी काय काळजी घ्यावी? आमच्याकडे पंखा लावलेला आहे.

पंखा वाफ खोलीभर पसरवतो, बाहेर नेत नाही. वाफ हवेच्या सुमारे तिप्पट जड असते, त्यामुळे छताजवळचा एक्झॉस्ट फॅन एकटा पुरत नाही. ती जिथून निघते तिथेच ओढून घ्यावी लागते. वजनकाटा आणि ओतण्याची जागा तिन्ही बाजूंनी बंद असलेल्या हुडमध्ये, म्हणजे वाफ ओढून बाहेर नेणाऱ्या खोक्यात ठेवा. हुडच्या तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला साधारण अर्धा मीटर हवा, आणि तो ठरावीक काळाने मोजून नोंदवायला हवा.

डबा वापराआधी थंड ठेवा. थंड द्रवाची वाफ कमी निघते. शक्य असेल तर बादलीने ओतू नका, बंद नळीतून पंपाने सोडा. फ्लेवर घालण्याआधी टाकीतलं तेल प्रक्रियेला चालेल तेवढं थंड करा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. 'गरम असताना चटकन मिसळतं' म्हणून तापल्या टाकीचं झाकण उघडून ओततात आणि ओतणारा त्याच भोकावर वाकलेला असतो. डायअ‍ॅसिटिलचा उत्कलनबिंदू ८८ अंश सेल्सिअस आहे, त्यामुळे गरम तेलावर ते भराभर उडतं. झाकण लगेच लावा. टाकीतली हवाही एक्झॉस्टला जोडा आणि खोलीतला दाब शेजारच्या खोल्यांपेक्षा किंचित कमी ठेवा, म्हणजे वाफ पॅकिंग विभागात जाणार नाही.

पावडर वापरतो म्हणून आम्ही सुटलो, असंही कोणी समजू नये. पावडरची बारीक धूळ रसायन थेट खोल श्वासनलिकांपर्यंत पोचवते.

प्रश्न: एन-९५ मास्क पुरेसा आहे का?

नाही. तो कण अडवतो, वाफ नाही. पूर्ण चेहरा झाकणारा रेस्पिरेटर हवा, त्यावर सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज आणि जोडीला कणांचा फिल्टर. अर्ध्या चेहऱ्याच्या मास्कने डोळे उघडे राहतात आणि हे द्रव्य डोळ्यांना गंभीर इजा करू शकतं. दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला चिकटत नाही. फिट टेस्ट, म्हणजे मास्क घट्ट बसतो का याची चाचणी, करूनच माप निवडा. कार्ट्रिज वास येईपर्यंत वापरू नका, वेळापत्रकाने बदला. मात्र मास्क हा हुडला पर्याय नाही.

प्रश्न: सहा महिन्यांपासून कोरडा खोकला आहे, जिना चढताना धाप लागते. एक्स-रे स्वच्छ आला. दम्याचा पंप दिला आहे, फारसा फरक नाही. फ्लेवर मिक्सिंगचं काम करतो. वाट पाहू का?

वाट पाहू नका. आधी कामाची जागा बदलून मागा, मग बाकीचं.

या विकारात छातीचा साधा एक्स-रे बऱ्याचदा स्वच्छच येतो, कारण बिघाड त्यात न दिसणाऱ्या बारीक नळ्यांमध्ये असतो. दमा, जुनाट ब्रॉन्कायटिस, 'सिगारेटचा परिणाम' अशा निदानांत महिने जातात. कामामुळे होणारा दमा सुट्टीत बहुधा सुधारतो, हा सुधारत नाही. दम्यात पंप घेतल्यावर एका सेकंदात बाहेर टाकलेल्या हवेचं माप, म्हणजे एफईव्ही-१, सहसा वाढतं; इथे ते जवळपास तसंच राहतं. स्टिरॉइडचाही सहसा उपयोग होत नाही. झालेली हानी भरून येत नाही, पण वाफेपासून दूर गेल्यावर ती पुढे वाढणं बहुधा थांबतं. म्हणून महिनाभराचा उशीरही महागात पडतो.

आता स्पायरोमेट्रीबद्दल, म्हणजे जोराने फुंकून फुप्फुसाची क्षमता मोजण्याच्या चाचणीबद्दल, कारण सगळ्यात मोठी फसगत तिथे होते. समजा, वय आणि उंचीनुसार एखाद्या कामगाराचं अपेक्षित एफईव्ही-१ ३.६ लिटर आहे. नोकरीला लागताना त्याचं ४.२ होतं, सरासरीपेक्षा उत्तम. वर्षभराने ३.३ आलं. अहवाल म्हणतो, 'अपेक्षित मापाच्या ९२ टक्के, सामान्य'. खरं तर त्याने एका वर्षात ९०० मिलिलिटर गमावले आहेत, म्हणजे स्वतःच्या क्षमतेच्या पाचव्या भागाहून जास्त. निरोगी प्रौढाची वर्षाची घट ३० मिलिलिटरच्या आसपास असते. ही घसरण दिसायला पहिला आकडा हवा, आणि तो आपल्याकडे बहुतेक वेळा नसतो, कारण तपासणी खोकला सुरू झाल्यावर होते! मिक्सिंगला लागण्याआधी स्पायरोमेट्री, त्यानंतर दर सहा महिन्यांनी, आणि तुलना छापील सरासरीशी नव्हे, त्याच माणसाच्या आधीच्या आकड्यांशी. १० टक्के किंवा त्याहून जास्त घट दिसली, तर त्याला लगेच कामावरून हलवा आणि तज्ज्ञाकडे पाठवा. चाचणी नीट घेतलेली हवी. अर्धवट फुंकलेल्या तीन फुंकरांवर काहीच ठरत नाही.

तुम्ही फुप्फुसविकारतज्ज्ञांकडे जा आणि वापरत असलेल्या प्रत्येक फ्लेवरची सुरक्षा माहिती पत्रिका सोबत न्या. 'कारखान्यात काम करतो' एवढं सांगून भागत नाही. रसायनाचं नाव सांगा. श्वास आत घेऊन आणि पूर्ण सोडून, असं दोन्ही वेळा काढलेलं एचआरसीटी (फुप्फुसांचं बारकाईचं सीटी स्कॅन) लागेल का, हे त्यांना विचारा. पंप स्वतःच्या मनाने बंद करू नका.

प्रश्न: फूड फ्लेवर घालून व्हेपचं (ई-सिगारेटचं) द्रव घरी करता येईल का?

नाही. खाण्याचा स्वाद ओढण्यासाठी नसतो. हार्वर्डच्या २०१५ मधल्या अभ्यासात तपासलेल्या ५१ स्वादयुक्त व्हेप नमुन्यांपैकी ३९ मध्ये डायअ‍ॅसिटिल सापडलं होतं.

प्रश्न: ड्रम सांडला तर? आम्ही गरम पाण्याने धुतो.

गरम पाण्याने वाफ वाढते, ते बंद करा. शिवाय हा ज्वलनशील द्रव आहे, फ्लॅश पॉइंट १० अंशांच्याही खाली. म्हणजे साध्या खोलीच्या तापमानालाही ठिणगी पुरते. माणसं बाहेर काढा. ज्वाला आणि हीटर बंद करा, आणि सांडलेल्या जागेजवळचं विजेचं बटण दाबू नका. वीज तोडायची तर लांबच्या मुख्य स्विचवरून. रेस्पिरेटर घातलेल्या प्रशिक्षित माणसानेच वाळू किंवा व्हर्मिक्युलाइट टाकून द्रव शोषावा, झाकणाच्या डब्यात भरावा, मग जागा थंड पाण्याने धुवावी. भिजलेल्या चिंध्या उघड्या कचऱ्यात टाकू नका, त्या दिवसभर वाफ सोडत राहतात. मोठी गळती असेल तर अग्निशमन दलाला बोलवा. धातूच्या ड्रममधून ओतताना दोन्ही भांडी एकमेकांना आणि जमिनीला तारेने जोडलेली असावीत, नाहीतर स्थिर विजेची ठिणगी पडते.

प्रश्न: डोळ्यात उडालं तर गुलाबपाणी चालेल?

नाही. पापण्या उघड्या धरून वाहत्या पाण्याखाली निदान १५ मिनिटं, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर सहज निघत असल्यास काढून. मग त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ, जळजळ थांबली असली तरी.