आधी कागद, मग वारा

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. पट्टा किल्ल्याच्या पायथ्याशी वाडीत वाऱ्याच्या विजेच्या प्रचारासाठी घेतलेल्या बैठकीचं वर्णन दोनदा वाचलं. भर पावसात चाळीस माणसं समाजमंदिरात जमली, बाया दाराशी बसल्या, पोरांनी वरच्या पठारावरचे पवनचक्क्यांचे पंखे बोटानं दाखवले. वाचून फार बरं वाटलं. पण एका ओळीवर मी अडकले. एका म्हाताऱ्या बाबांनी तुला विचारलं, "अजून पंखे लागले तर आमच्या वाडीची लाईट जायची थांबंल का?" आणि तू म्हणालीस, "हो बाबा."

ते "हो" परत घ्यायला तुला येत्या आठवड्यातच जायला हवं.

पठारावर तयार होणारी वीज वाडीत उतरत नाही. पंख्याच्या बुडाशी असलेल्या ट्रान्सफॉर्मरमधून ती ३३ केव्हीच्या, म्हणजे ३३ हजार व्होल्टच्या तारांवर चढते, सबस्टेशनला जाते आणि तिथून आणखी मोठ्या दाबाच्या वाहिनीनं राज्याच्या ग्रीडमध्ये. वाडीची लाईट जाते ती डीपी, म्हणजे वाडीचा ट्रान्सफॉर्मर, जळतो म्हणून, तारा लोंबतात म्हणून, फीडरवर, म्हणजे गावाला वीज आणणाऱ्या वाहिनीवर, भार येतो म्हणून. वर शंभर पंखे फिरले तरी खालचा जळलेला डीपी जळलेलाच राहतो. हे तू आज सांगितलं नाहीस, तर दोन वर्षांनी अंधारात बसून वरचे लाल दिवे बघताना बाबांना ते कळेल. त्या दिवशी वाऱ्याच्या विजेवरचा त्यांचा विश्वास उडेल आणि तुझ्यावरचाही.

मग सांगायचं काय? खरं आहे तेच सांग, ते काही कमी नाही. मी नाशिकरोडला राहते. गच्चीवरून एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. तिथं आज २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. औष्णिक केंद्रात एक युनिट वीज तयार करायला साधारण सातशे ग्रॅम कोळसा जळतो, असा हिशेब धर. दोन मेगावॅटची एक पवनचक्की वर्षभराच्या सरासरीनं क्षमतेच्या चौथ्या हिश्शानं चालली, तरी चव्वेचाळीस लाखांच्या आसपास युनिटं देते. म्हणजे तीन हजार टन कोळसा वाचला, पाऊण मालगाडीएवढा. तुझ्या सभेतल्या कुणाचा ना कुणाचा पाहुणा एकलहऱ्याच्या बाजूला राहत असेलच. राख म्हणजे काय ते त्याला विचारा म्हणावं. तुझ्या स्लाइडवरच्या "कार्बन"पेक्षा हे लोकांना लवकर उमजेल.

ऋतूचंही स्पष्ट सांग. आपल्याकडे वारा जोर धरतो तो जून ते सप्टेंबर, आणि तेव्हा बहुतेक शेतीपंप बंद असतात. रब्बीत कांद्याला पाणी द्यायची वेळ येते तेव्हा वारा मंदावलेला असतो. बिबट्याच्या धास्तीत रात्री वावरात पाणी भरणाऱ्या सिन्नरच्या शेतकऱ्याला दिवसा वीज हवी आहे. ती मुख्यत्वे उन्हातून यायची, त्यासाठी सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ पासून आहे. वाऱ्याचं काम वेगळं. आभाळ भरून आलं, सौर पट्ट्या मंदावल्या की तेव्हाच पठारावर वारा सुटलेला असतो. दोन्ही एकमेकांना धरून चालतात. वाऱ्याची बाजू मांडताना उन्हाला कमी लेखू नकोस.

पाऊस पळवण्याचा प्रश्न तुला कुणी विचारला नाही याचं मला नवल वाटलं. पुढच्या सभेत विचारतील. पंखे ढग कापतात, म्हणून पाऊस पडत नाही, असं सातारा, सांगली, धुळ्याकडे मी स्वतः ऐकलं आहे. हसू नकोस आणि "अंधश्रद्धा" हा शब्द तर तोंडातूनही काढू नकोस. ज्याचं पीक करपलं तो कारण शोधणारच. त्याला त्याच्याच मुलखातलं उत्तर दे. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. तिथून पूर्वेला सिन्नरला यावं तर त्याचा पाचवा हिस्सा पडतो की नाही, अशी गत. हा फरक आजोबा-पणजोबांनीही पाहिला आहे, तेव्हा एकही पंखा नव्हता. सह्याद्री ओलांडताना ढग रिते होतात, म्हणून पूर्वेकडचा पट्टा कोरडा. पावसाचे ढग हजारो मीटर जाडीचे असतात आणि पंख्याचं टोक जमिनीपासून शे-दोनशे मीटरवर. म्हातारी माणसं हे चटकन मान्य करतात, कारण डोंगराचा हिशेब त्यांना आपल्याहून जास्त कळतो.

पण पोरी, माझ्या अनुभवात गावं पवनचक्कीच्या विरोधात जातात ती वाऱ्यामुळे नाही आणि पावसामुळेही नाही. ती जातात कागदामुळे. या एका गोष्टीसाठी हे पत्र लांबवते आहे.

मी एकवीस वर्षं ग्रामसेविका होते. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका गावात पवनचक्क्यांसाठी ना-हरकत ठराव आला. मसुदा तयारच होता, कंपनीच्या माणसानं टाइप करून आणलेला. ग्रामसभेची गणपूर्ती मोठी नसते. १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, यांपैकी कमी असेल ती. तेवढी जमली. मी विषय वाचला, ठराव वाचला नाही. चहा झाला, सह्या-अंगठे झाले. पावसाळ्यानंतर पोकलेन आलं आणि पठारावर जायला रस्ता कापू लागलं, तेव्हा लोक माझ्याकडे धावले. ठरावातच लिहिलं होतं की रस्त्यासाठी लागेल त्या गायरानातून जायला गावाची हरकत नाही. "लागेल त्या." बायांची गवताची जागा गेली, गुरांचं पाणवठ्याकडे उतरायचं रान तुटलं आणि कापलेली माती पुढच्या दोन पावसाळ्यांत खालच्या भातखाचरांत आली. पंखे उभे राहिले, चांगले फिरतात. त्या गावात आजही वाऱ्याच्या विजेचं नाव काढलं तर माणसं उठून जातात. तो ठराव मी मोठ्यानं वाचला असता तर त्या दोन शब्दांवर कुणीतरी नक्कीच बोट ठेवलं असतं.

म्हणून प्रचार करण्याआधी कागद वाचायला शिक. करारनामा मिळव आणि पारावर बसून, थांबत थांबत, मोठ्यानं वाच. जमीन विकत घेताहेत की भाडेपट्ट्यानं? पंचवीस-तीस वर्षांचा पट्टा असेल तर भाडं दर काही वर्षांनी वाढणार की आज ठरलं तेच नातवाच्या हातात पडणार? पाया एवढुसा असतो, पण रस्ता, तारा, खांब यांना लागणारी जागा कुणाच्या सातबाऱ्यातून जाते? त्यांना मोबदला काय? मुदत संपल्यावर पातं-मनोरा उतरवून शेकडो टन काँक्रीटचं काय करायचं, ते कुणाच्या खर्चानं? ग्रामपंचायतीचा कर किती आणि कधी? साताऱ्या-सांगलीकडच्या ग्रामपंचायतींना थकलेल्या करासाठी झगडावं लागलेलं आहे, तेव्हा हेही लिहूनच घ्यायला लाव. घरापासूनचं अंतर मोज. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत आवाजाच्या त्रासासाठी कोणत्याही घरापासून ५०० मीटर सोडायला सांगितलं आहे. टेप घेऊन पोरांना पाठव, त्यांनाही मजा येईल.

तुझ्या भागात महादेव कोळी आणि ठाकर वस्त्या आहेत, तिथं आणखी जपून. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला द्यायची तर महसूल संहितेच्या कलम ३६ अ नुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. भाडेपट्टा पाच वर्षांवर असेल तर शासनाची मान्यताही लागते. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासी म्हणून जाहीर झालेल्या भागात, पेसा कायद्यानं, १९९६ पासून, ग्रामसभेचं वजन वेगळंच आहे. वरचं पठार वनखात्याचं असेल तर कुणाचा वनहक्काचा दावा पडून आहे का ते आधी बघ. बागलाणाला लागून असलेल्या साक्री तालुक्यात वनजमिनीवरच्या पवनचक्क्यांवरून आदिवासींनी वर्षानुवर्षे झगडा दिला आहे. त्या लोकांना वारा नको होता असं कुणी म्हणालं तर पटवून घेऊ नकोस. त्यांची जमीन त्यांच्या नावावर होण्याआधीच दुसऱ्याच्या कामी लागली, हे त्यांचं दुखणं.

बायांना दाराशी बसू देऊ नकोस. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची तरतूद आहे, ती खरोखर भरव. पठारावर रोज कोण जातं? सरपण, गवत, करवंदं, शेळ्या, सगळं त्यांच्या पायाखालचं. कुठला झरा कुठे फुटतो हे त्या सांगतील, सर्वेअरला ते दिसत नाही.

गिधाडांचा विचारही करायचा. आपल्या अंजनेरीच्या कड्यांवर ती घरटी करतात. अशा कड्यांजवळ पंखे नकोत, हे तू स्वतःहून म्हण. सगळीकडे लावा म्हणणाऱ्यापेक्षा इथं नको म्हणणाऱ्याचं "इथं चालेल" लोक ऐकतात.

आता एक गोष्ट जड मनानं लिहिते. बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची डिसेंबर २०२४ मध्ये हत्या झाली. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले म्हणून, असं आरोपपत्रात आहे. मोठा पैसा जिथं येतो तिथं अशी माणसंही येतात. कधीही एकटी जाऊ नकोस. कंपनीच्या गाडीत बसू नकोस, त्यांचा चहाही सभेत नको. कुणी आडून काही मागितलं किंवा देऊ केलं तर त्याच दिवशी चारचौघांत सांगून टाक आणि लेखी कळव.

तू वाऱ्यासाठी काम करते आहेस याचा मला अभिमान आहे. मलाही ते पंखे वाढलेले बघायचे आहेत, एकलहऱ्याच्या चिमण्यांतला धूर कमी झालेला बघायचा आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याची ताकद आठपट होते, हे तू मागं मला शिकवलं होतंस. तेव्हापासून पठारावर गेले की अंगावर येणारा वारा मला वेगळाच लागतो.

येत्या रविवारी जाशील तेव्हा स्लाइड नेऊ नकोस. आधी त्या बाबांच्या घरी जा. "बाबा, मी चुकीचं बोलले होते" म्हण. मग त्यांच्या ओट्यावर बसून वाडीच्या डीपीची क्षमता वाढवून मिळावी म्हणून महावितरणला अर्ज लिही, घराघरातून सह्या घे, सोमवारी सिन्नरला जाऊन पोच घे. पोच मिळाली की मला फोन कर. करारनाम्याची प्रत तोवर मी मिळवते, आपण दोघी मिळून वाचू.

तुझी,
ताई
नाशिकरोड