फ्रेंचमधील 'कोंदिस्योनेल प्रेझाँ' कसे चालवावे, आणि 'सी' (जर) या शब्दानंतर ते का येत नाही?

आपण विचारले आहे की 'कोंदिस्योनेल प्रेझाँ'ची, म्हणजे फ्रेंच क्रियापदाच्या संकेतार्थी वर्तमानाची, रूपे पाठ असूनही वाक्य करताना ती चुकतात, आणि 'माझ्याकडे वेळ असता तर मी ल्योंला गेलो असतो' अशा वाक्याचे फ्रेंच केले की शिक्षक दर वेळी पहिला भाग खोडतात, ते का. पुण्यात मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांना फ्रेंच शिकवताना मला हीच अडचण सर्वांत अधिक दिसते, आणि माझ्या मते तिचे मूळ फ्रेंच रूपांत नसून आपल्या मराठी वाक्याच्या ठेवणीत आहे. तरीही आधी रूपे पाहू, कारण ती वाटतात त्याहून सोपी आहेत. फ्रेंच शब्द मी देवनागरीत देत आहे. त्यांचे उच्चार अंदाजाने घ्यावेत आणि स्पेलिंग पुस्तकात पडताळावे.

या रूपात नवे असे काहीच नाही. साध्या भविष्यकाळाचे अंग घ्यायचे आणि त्याला 'अँपार्फे' या अपूर्ण भूतकाळाचे प्रत्यय लावायचे, एवढेच काम आहे. 'पार्ले' (बोलणे) किंवा 'फिनीर' (संपवणे) यांसारख्या क्रियापदांचे मूळ रूप तसेच अंग होते. 'प्रांद्र' (घेणे) यासारख्या क्रियापदाचा शेवटचा 'ई' तेवढा गळतो. प्रत्यय असे: 'ज' (मी) आणि 'त्यू' (तू) यांना ए-आय-एस, 'इल' (तो) आणि 'एल' (ती) यांना ए-आय-टी, 'नू'ला (आम्ही) आय-ओ-एन-एस, 'वू'ला (तुम्ही) आय-ई-झेड आणि अनेकवचनी तृतीय पुरुषाला ए-आय-ई-एन-टी. म्हणून 'ज पार्लरे', 'नू पार्लर्यों', 'वू पार्लर्ये'. एकवचनातील तिन्ही रूपे आणि तृतीय पुरुषाचे अनेकवचन कानाला एकच वाटतात. फरक केवळ लिहिण्यात आहे.

अंग भविष्यकाळाचे आणि प्रत्यय भूतकाळाचे, ही जोडणी योगायोगाने झालेली नाही. बोलीभाषेतील उत्तरकालीन लॅटिनमध्ये मूळ क्रियापदापुढे 'असणे, जवळ असणे' या अर्थाचे 'हाबेरे' हे क्रियापद येऊ लागले. त्याच्या वर्तमान रूपापासून फ्रेंच भविष्यकाळ झाला आणि अपूर्ण भूतकाळाच्या रूपापासून कोंदिस्योनेल झाले. 'भूतकाळातून पाहिलेले भविष्य' हा त्याचा मूळ अर्थ आजही जिवंत आहे, आणि त्याकडे मी पुढे येतो. जाता जाता एक गोष्ट: जुन्या छापाच्या फ्रेंच पुस्तकांत हे प्रत्यय ओ-आय-एस असे दिसतात. व्हॉल्तेअरने ए-आय-एसचा आग्रह धरला होता, परंतु फ्रेंच अकादमीने ते आपल्या शब्दकोशात 1835 साली स्वीकारले. त्यामुळे अठराव्या शतकातील मजकूर वाचताना गोंधळून जाऊ नये.

अनियमित अंगे मात्र पाठच करावी लागतात. भविष्यकाळ पक्का असेल तर ती आपल्याला आधीच येत असतात. 'एत्र'चे 'ज सरे', 'आव्वार'चे 'जोरे', 'आले'चे 'जिरे', 'फेर'चे 'ज फरे', 'व्हनीर'चे 'ज व्यँद्रे', 'व्वार'चे 'ज वेरे', 'वुल्वार'चे 'ज वुद्रे', 'दव्वार'चे 'ज दव्रे', 'साव्वार'चे 'ज सोरे', आणि 'पुव्वार'चे 'ज पुरे', जे मराठी कानाला ऐकल्याबरोबर पाठ होते. 'आश्ते' (विकत घेणे) या क्रियापदात वर्तमानकाळी 'नू' आणि 'वू'च्या रूपांवर उतरते चिन्ह नसते, पण येथे ते सहाही रूपांवर येते. 'कुरीर' (धावणे) या क्रियापदाकडे विशेष लक्ष द्यावे: 'मी धावत होतो' या अर्थाच्या रूपात एक 'आर' असतो आणि 'मी धावलो असतो' या अर्थाच्या रूपात दोन, त्यामुळे एक अक्षर सुटले तर काळच बदलतो. 'मुरीर' (मरणे) याचेही तसेच आहे.

आता मुख्य अडचण. 'माझ्याकडे वेळ असता तर मी गेलो असतो' या मराठी वाक्यात दोन्ही अंगांना एकाच धाटणीचे संकेतार्थी रूप आहे: इकडे 'असता', तिकडे 'असतो'. मराठी मन फ्रेंचमध्येही दोन्हीकडे एकच साचा लावते आणि 'सी जोरे ल ताँ, जिरे आ ल्यों' असे वाक्य तयार होते. फ्रेंचमध्ये हे दोन भाग वेगळे काम करतात. 'सी'नंतर अट सांगितली जाते आणि तिच्यासाठी 'अँपार्फे' येतो. त्या अटीवर अवलंबून असलेली गोष्ट दुसऱ्या भागात येते आणि कोंदिस्योनेल तिथेच शोभते. म्हणून बरोबर वाक्य 'सी जावे ल ताँ, जिरे आ ल्यों'. येथील 'जावे' भूतकाळी दिसत असला तरी त्याचा अर्थ भूतकाळाचा नाही. वेळ आत्ता नाही, एवढेच तो सांगतो.

ही चूक केवळ परक्यांची आहे असे समजू नये. फ्रान्समधील मुलेही ती सर्रास करतात, आणि म्हणून तिथल्या शाळांत 'ले सी नेम पा ले रे' हे वाक्य शिकवले जाते: 'सी'ला 'रे', म्हणजे 'रे' असा शेवट असलेली कोंदिस्योनेलची रूपे, आवडत नाहीत. त्याच उच्चाराचे दुसरे शब्द घेतले तर त्याचा अर्थ 'करवतींना पाकट मासे आवडत नाहीत' असा होतो, आणि हा विनोद मुलांच्या चांगला लक्षात राहतो.

मराठी ठेवणीतून येणारी आणखी एक अडचण काळाची आहे. 'मी गेलो असतो' हे एकच मराठी रूप आज वेळ असता तर या अर्थीही चालते आणि गेल्या वर्षी वेळ असता तर या अर्थीही चालते. फ्रेंचला तो फरक रूपातच दाखवावा लागतो. गोष्ट अजून शक्यतेच्या कक्षेत असेल किंवा आजच्या संदर्भात बोलायचे असेल तर 'प्रेझाँ', म्हणजे 'जाशेतरे' (मी विकत घेईन, पण परिस्थिती तशी नाही). संधी निघून गेली असेल तर 'पासे', म्हणजे कोंदिस्योनेलचे भूतकाळी रूप: 'जोरे आश्ते'. फ्रेंच लिहिण्याआधी मराठी वाक्यापुढे 'आज' लावून पाहावे आणि मग 'तेव्हा' लावून पाहावे. जे बसते त्यावरून रूप ठरते. अट खरोखर घडण्यासारखी असेल, जसे 'हवा चांगली असेल तर मी जाईन', तर कोंदिस्योनेलचा प्रश्नच येत नाही: 'सी'नंतर वर्तमानकाळ आणि पुढे साधा भविष्यकाळ.

येथे 'जिरे' हे भविष्यकाळाचे रूप आणि कोंदिस्योनेलचे रूप यांत लिहिताना घोटाळा होतो, कारण अनेक फ्रेंच माणसे हे दोन्ही सारखेच उच्चारतात, आणि देवनागरीत तर ते वेगळे लिहिताच येत नाहीत. शंका आली की 'मी'च्या जागी 'आम्ही' घालावे. 'पार्लरों' निघाले तर तो भविष्यकाळ, 'पार्लर्यों' निघाले तर ते कोंदिस्योनेल.

बाकीचे उपयोग मराठी माणसाला जड जाऊ नयेत. सौजन्यासाठी 'ज वुद्रे अँ काफे' (मला एक कॉफी हवी होती) म्हणतात. आपणही दुकानात 'मला साखर हवी होती' असेच म्हणतो आणि त्यातील 'होती' कुणी भूतकाळ समजत नाही. 'पुर्ये-वू' (तुम्ही कराल का) ही विनंती आणि 'त्यू दव्रे' (तू करायला हवेस) हा सल्ला याच जातीचे आहेत. डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेची तयारी करत असाल तर ए-दोन पातळीला एवढे सौजन्य पुरते. 'सी'ची अटवाक्ये बी-एक पातळीला अपेक्षित असतात.

वृत्तपत्रांतील उपयोग मला सर्वांत रोचक वाटतो. 'ल मिनिस्त्र सरे मालाद' या मथळ्याचा अर्थ 'मंत्री आजारी असते' असा मुळीच नाही. 'मंत्री आजारी आहेत म्हणे' किंवा 'आजारी असल्याचे समजते' असा आहे. बातमीदार ते सांगतो, पण त्याची हमी घेत नाही. जे काम आपण 'म्हणे' या एका अव्ययाकडून करून घेतो, ते फ्रेंच क्रियापदाच्या रूपाकडून करून घेते, आणि हे ठाऊक नसेल तर संपूर्ण बातमी उलटी वाचली जाते.

'भूतकाळातून पाहिलेले भविष्य' येथे येते. मराठीत 'तो म्हणाला की मी येईन' असे भविष्यकाळ तसाच ठेवून सांगता येते. फ्रेंचमध्ये मुख्य क्रियापद भूतकाळी गेले की पुढचे भविष्य कोंदिस्योनेलमध्ये जाते: 'इल आ दी किल व्यँद्रे'. येथे अट कुठेच नाही, म्हणूनच आजचे अनेक व्याकरणकार याला स्वतंत्र 'अर्थ' न मानता निर्देशार्थाचाच, म्हणजे साध्या विधानाच्या रूपांचाच, एक काळ मानतात. मला हे वर्गीकरण पटते.

शेवटी 'सी'बद्दल दोन सावधगिरीच्या गोष्टी. 'तो येईल की नाही, मला ठाऊक नव्हते' या अर्थाचे 'सी' अट सांगत नाही, प्रश्न सांगते, आणि त्याच्यापुढे कोंदिस्योनेल चालते: 'ज न सावे पा सील व्यँद्रे'. मराठीत 'जर' बसत नसेल आणि 'की नाही' बसत असेल, तर बंदी लागू नाही. दुसरे असे की 'ओ का ऊ' हा शब्दसमूह मराठीत 'पाऊस आलाच तर'सारखा वाटत असला तरी त्याच्यापुढे 'अँपार्फे' न येता कोंदिस्योनेलच येते: 'प्राँ अँ पाराप्लुई, ओ का ऊ इल प्लव्रे', म्हणजे पाऊस आलाच तर असावी म्हणून छत्री घे.