प्रश्न: ठाण्यातल्या आमच्या अनुदानित हायस्कूलला माजी विद्यार्थ्यांकडून ५ संगणक मिळालेत. ऑफिसला द्यावेत की वर्गाला?

एक ऑफिसला, एक शिक्षक खोलीत आणि उरलेले तीन विज्ञान प्रयोगशाळेत ठेवा. मी इथल्याच एका हायस्कूलमध्ये गणित शिकवते आणि ऑफिसची ऑनलाइन कामंही बघते, त्या अनुभवावरून सांगते. यू-डायस प्लस (केंद्राची शाळांच्या माहितीची प्रणाली), सरल (राज्याची विद्यार्थ्यांच्या नोंदींची प्रणाली), शालार्थ या वेतन प्रणालीतली पगारबिलं, दहावीचे फॉर्म हे सगळं ऑनलाइनच आहे, त्यामुळे ऑफिसचा संगणक कुणालाही वापरायला देऊ नका. खरी डोकेदुखी नावांची. जनरल रजिस्टरला (शाळेच्या प्रवेशनोंदींच्या मूळ वहीत) ‘दीपक’ एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्याच. मग अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक ओळख क्रमांक) अडतो आणि पालकांच्या चकरा सुरू. म्हणून आठवीतच नाव, जन्मतारीख, आईचं नाव यांची यादी छापून पालकांची सही घ्या. दहावीच्या फॉर्मच्या गडबडीत हे निस्तरणं म्हणजे शिक्षाच.

शिक्षक खोलीतल्या संगणकावर निकालपत्रकं आणि प्रश्नपत्रिका. टायपिंग युनिकोडमध्येच करा, नाहीतर जुन्या फॉन्टची फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की नुसती गिचमिड दिसते.

प्रयोगशाळेत जिओजेब्रा (गणिताचं सॉफ्टवेअर) आणि फेटची सिम्युलेशन्स (संगणकावर करून बघायचे विज्ञानाचे प्रयोग) टाका. दोन्ही मोफत आहेत, एकदा उतरवून घेतली की नेट लागत नाही, आणि फेटची बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत. विद्युतपरिपथ मुलं स्वतः जोडून बघतात, हे फळ्यावर जमत नाही. (प्रोजेक्टर नसला तरी अडत नाही, गट पाडा.)

फक्त एक: शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी शेवटी कागदी जनरल रजिस्टरच बघितलं जातं, त्यामुळे संगणकात नोंदी आल्या म्हणून ते लिहिणं थांबवू नका.