गावच्या घरातून आलेले जुने कागद, फोटो आणि वस्तू कशा जपाव्यात?

वडील गेल्यावर गावचं घर मोकळं करताना दोन ट्रंका निघाल्या, त्यांत मोडी लिपीतले कागद, पत्रं, फोटो, आजीचं लुगडं. पुण्यातल्या दोन खोल्यांत यातलं काय ठेवायचं, काय टाकायचं, असं तुम्ही विचारलंय. आमच्या चिपळूणच्या घरातली अशीच एक ट्रंक मी काही वर्षं लावतोय, त्या अनुभवावरून सांगतो.

टाकायचं काय, हे या वर्षी ठरवूच नका. स्कॅनर, फायली, डबे यांच्याही मागे लागू नका. तुमच्या नात्यात सगळ्यात म्हातारं माणूस कोण आहे, ते बघा आणि फोटो घेऊन त्यांच्यापाशी बसा. कागद अजून पाच वर्षं तग धरेल, त्यांची आठवण धरेलच असं नाही.

मी आत्याकडे गेलो तेव्हा ती 86 वर्षांची होती. ओटीवर काढलेला एक फोटो होता, नऊ माणसांचा. मला त्यातली दोनच ओळखता येत होती. तिने चष्मा काढून फोटो डोळ्यांशी धरला आणि चेहरे सोडून आधी हातांतल्या बांगड्या बघितल्या. म्हणाली, "ही गोठ घातलेली म्हणजे दापोलीची काकू. आमच्यात गोठ तिच्या एकटीकडेच होते." मग खांबाला टेकलेल्या, डोक्याचा गोटा केलेल्या मुलावर बोट ठेवलं. "हा माझ्या पाठचा. मुंजीनंतरच्या पावसाळ्यात तापाने गेला." आमच्या घरच्या वंशावळीत हा मुलगा नव्हता. मला आणखी एक काका होते, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं म्हणून तिचा आवाजही राहिला. एका बैठकीत दहा-बाराच फोटो घ्या, जास्त झाले की माणूस दमतं आणि "असेल कोणीतरी" म्हणायला लागतं.

नावं फोटोच्या मागे, कडेला, मऊ शिसपेन्सिलीने लिहा. बॉलपेन नको, दाबाचे वळ पुढे उमटतात आणि शाई फुटते. नंतरच्या चकचकीत रंगीत फोटोंवर पेन्सिल उठत नाही, तिथे फोटो कागदी पाकिटात घालून पाकिटावर लिहायचं, पण आधी लिहायचं, मग फोटो आत घालायचा.

दुसरी गोष्ट, पुडकी फोडून विषयवार गठ्ठे करू नका. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर रुमालांत, म्हणजे कापडी गठ्ठ्यांत, बांधलेलं आहे, आणि कुठला कागद कुठल्या रुमालात हे तिथे फार महत्त्वाचं असतं. घरच्या पुडक्याचंही तेच. खरेदीखताबरोबर एखादं साधं पोस्टकार्ड बांधलेलं असेल, तर बहुधा ते त्याच व्यवहाराचं असतं. वेगळं काढलंत की ते नुसतं "सप्रेम नमस्कार वि. वि." उरतं. प्रत्येक पुडक्याला चिठ्ठी लावा: कुठे होतं, कशात बांधलं होतं, कधी उघडलं.

पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्ममृत्यूचे उतारे, जमिनीचे जुने फेरफार यांना रद्दी समजू नका. जात पडताळणीला अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचे पुरावे लागतात. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा गावोगाव मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली होती. तुमचे मोडी कागद वाचता येत नाहीत म्हणून कुणाला देऊन टाकू नका. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 1910 मध्ये स्थापन केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ तुमच्या पुण्यातच आहे, तिथे मोडी जाणणारे भेटतील. दाखवायला मात्र फोटो न्या, मूळ कागद घरीच राहू द्या.

आता जपणूक. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल काढा, ओढून नाही, मागून पाय सरळ करून. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते उष्णतेने चिकटतं आणि परत सोडवता येत नाही. आमच्याकडच्या एका सनदेचं एका हौशी नातेवाइकाने लॅमिनेशन करून आणलं, आता तिच्या घडीतली भेग कायमची प्लास्टिकखाली आहे. चिकट पानांचे जुने अल्बमही फोटो खातात. फोटो सहज सुटला तर काढा, नाहीतर पानासकट स्कॅन करा.

ट्रंक माळ्यावर नको, बाहेरच्या भिंतीला लावून नको, न्हाणीघराच्या भिंतीला तर नकोच. खाली विटा किंवा फळी ठेवा. तळाला वर्तमानपत्र न घालता धुतलेलं जुनं सुती धोतर घाला. आपल्या आज्या पोथ्या बासनात बांधत ते उगाच नाही. सुती कापड धूळ अडवतं आणि हवा खेळू देतं. वेखंडाची पुरचुंडी कोपऱ्यात चालेल, कागदाला टेकवून नको. डांबरगोळ्या मी वापरत नाही, त्यांचा वास माणसालाही वाईट आणि जरीलाही. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की सगळं एकदा बाहेर काढा, पण सावलीत. लुगड्याची घडी त्या वेळी बदला, जरीचा धागा नेहमी त्याच मोडीवर तुटतो.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी आमच्या चिपळूणच्या घरात शिरलं. ट्रंक वरच्या मजल्यावर होती म्हणून वाचली. भिंतीवरचा आजी-आजोबांचा फोटो फ्रेमसकट बुडाला. दोन दिवसांनी तो मी काचेवरून सोडवायला गेलो आणि आजीचा अर्धा चेहरा काचेवरच राहिला. तुमच्याकडे काचेला चिकटलेला फोटो असेल तर हात लावू नका, काचेसकट स्कॅन करा. ओले फोटो एकमेकांवर वाळू देऊ नका. स्वच्छ गार पाण्यात ठेवून हळूहळू सुटे करा आणि चेहरा वर करून वाळवा. एकदम जमत नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, वेळ मिळतो.

स्कॅन करताना रंगीत फोटो आधी घ्या, 1970-80 च्या दशकांतले अंधारातही विटतात. कृष्णधवल त्यामानाने टिकतात. फोटोला 600 डीपीआय, कागदांना 300 पुरे. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दर्जा उतरतो. तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे.

आत्या मागच्या मार्गशीर्षात गेली. त्या ओटीवरच्या नऊ जणांपैकी आठांची नावं लागली. डावीकडे कडेला अर्धी कापली गेलेली एक बाई उरली आहे. तिच्या जागी मागे लिहिलंय: "ओळख पटली नाही. आत्याच्या मते गुहागरकडची, बाळंतपणाला आलेली."