छपराखालचा घुमट

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये यॉर्कला शिकते. तिनं तिथल्या ‘बार कॉन्व्हेंट’चे, म्हणजे कॅथलिक जोगिणींच्या (नन्सच्या) मठाचे, फोटो पाठवलेत. आत प्रार्थनाघराला घुमट आहे, पण रस्त्यावरून नुसतं उतरतं छप्पर दिसतं. असं का? तिथं मुलींची शाळाही होती म्हणे. आपल्या कोल्हापुरातल्या मिशनशी तिचं काही नातं?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : घुमट आहे तिथंच आहे, बाहेरून कळू नये म्हणून त्यावर स्लेटचं छप्पर घातलंय. प्रार्थनाघर बांधलं १७६९ मध्ये, आणि प्रोटेस्टंट इंग्लंडमधली कॅथलिक पूजेवरची कायद्याची बंदी उठली १७९१ मध्ये. म्हणजे बांधकाम सरळसरळ बेकायदा! धाड पडली तर पळता यावं म्हणून प्रार्थनाघराला आठ दारं ठेवली. मुलीला मोजायला सांगा. धर्मगुरूला लपायला जमिनीखाली जागाही आहे. भीती उगीच नव्हती. याच यॉर्कमध्ये मार्गारेट क्लिदरो या खाटकाच्या बायकोनं धर्मगुरूंना आसरा दिला, म्हणून १५८६ मध्ये तिला वजनाखाली चिरडून मारलं होतं. तिचा म्हणून जपलेला हात आजही या कॉन्व्हेंटमध्ये आहे.

शाळेचं मूळ मेरी वॉर्ड या यॉर्कशायरच्याच बाईत. मठाच्या भिंतीआड न बसता मुलींना शिकवायचं, असं म्हणत तिनं १६०९ मध्ये बायकांची संस्था काढली. इंग्लंडला ती कॅथलिक म्हणून नको होती आणि रोमला ती फार मोकळी वाटली. १६३१ मध्ये पोपनं संस्था मोडीत काढली आणि म्युनिकमध्ये तिला कोंडून ठेवलं. तिथून ती लिंबाच्या रसानं पत्रं लिहायची. कागद शेकला की अक्षरं उमटायची. बाई कसली खमकी असेल बघा.

तिच्याच परंपरेतल्या फ्रान्सिस बेडिंगफील्डनं १६८६ मध्ये यॉर्कच्या मिकलगेट वेशीबाहेर घर घेतलं. आपल्या मुलींसाठी शाळा हवीच, म्हणून सर थॉमस गॅस्कॉइन यांनी ४५० पौंड दिले होते. बाई ‘मिसेस लाँग’ या नावानं वावरायच्या. जोगिणींचा पेहराव नाही, साध्या बायकांसारखे करडे झगे. तरी तुरुंग चुकला नाहीच. शाळा मात्र चालली. घरंदाज कॅथलिक मुलींसाठी वसतिगृहाची शाळा होतीच, १६९९ पासून गरीब मुलींसाठी फुकट शाळाही सुरू झाली. कॉन्व्हेंट म्हणजे बड्यांच्या पोरींची शाळा, हा आपला समज इथं निम्माच खरा ठरतो. १९८५ मध्ये ही शाळा मुलामुलींच्या एकत्र शाळेत सामील झाली. इमारतीत आता संग्रहालय आहे.

कोल्हापूरचं म्हणाल, तर १८५२ मध्ये इथं मिशन सुरू करणारे वाइल्डर अमेरिकन प्रोटेस्टंट. त्यांचा या घराण्याशी संबंध नाही. भारताचा मात्र आहे. डब्लिनची टेरेसा बॉल ही मुलगी याच बार कॉन्व्हेंटमध्ये शिकली, तिथंच जोगीण झाली आणि मायदेशी परतून तिनं लोरेटो शाखा काढली. १८४१ च्या डिसेंबरअखेर लोरेटोच्या जोगिणी कलकत्त्याला उतरल्या. मदर तेरेसा १९४८ मध्ये बाहेर पडेपर्यंत याच लोरेटोच्या होत्या आणि एंटालीच्या सेंट मेरीज शाळेत मुलींना भूगोल शिकवत होत्या.