पदनाम बाजूला ठेवा, कामाचा दिवस पाहा

करिअर बदलण्याच्या विचारात असलेल्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांत एक गफलत दिसते. माणूस पदनामाच्या प्रेमात पडतो, आणि वाट्याला मात्र त्या पदाचा रोजचा आठ-नऊ तासांचा दिवस येतो. म्हणून उत्तरं देताना आमचा भर त्या दिवसावरच आहे.

प्रश्न : बारा वर्षं अकाउंट्समध्ये आहे. पूर्वी महिनाअखेरीस हिशेब जुळले की बरं वाटायचं, आता कशातच जीव रमत नाही. लोकांच्या उपयोगी पडणारं काही करावंसं वाटतं. ही आवड खरंच बदललीय की मी नुसता दमलोय?

हा प्रश्न आधी सोडवायला हवा, कारण दमलेल्या माणसाला कुठलंही दुसरं काम आकर्षक वाटतं.

कामाच्या अतिताणावर, म्हणजे बर्नआउटवर, मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी मूलभूत संशोधन केलं. त्यांनी त्याची तीन लक्षणं सांगितली : शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल आणि माणसांबद्दल तुटकपणा येणं आणि ‘माझ्याकडून काही धड होत नाही’ ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या याच तीन अंगांनी केली. मॅस्लॅक आणि मायकेल लायटर यांनी पुढे त्याची मुळं सहा ठिकाणी शोधली : कामाचा बोजा, आपल्या हातातले निर्णय, मोबदला आणि कदर, सहकाऱ्यांशी संबंध, न्याय्य वागणूक आणि मूल्यं. यांतल्या पहिल्या पाचांत बिघाड असेल तर तो अनेकदा जागा, विभाग किंवा वरिष्ठ बदलून सुटतो. त्यासाठी पेशा सोडायची गरज नसते. स्वतःला सरळ विचारा : हेच काम, चांगला साहेब, वेळेवर घरी जाणं असं मिळालं तर कराल का? उत्तर मनापासून ‘हो’ असेल तर नोकरी बदला, करिअर राहू द्या.

उत्तर ‘नाही’ आलं किंवा ठरत नसेल, तर दहा कामाचे दिवस नोंदवही ठेवा. अर्ध्या तासाहून मोठ्या प्रत्येक कामासाठी एक ओळ पुरे. काय केलं, किती वेळ लागला, नंतर उत्साह किती (उणे २ ते अधिक २) आणि का, एवढंच त्यात लिहायचं. उदाहरणार्थ : ‘पुरवठादारांच्या बिलांचा मेळ घातला, ७५ मिनिटं, उणे १, चुका दुसऱ्याच्या आणि निस्तरायच्या मी’. ‘नव्या सहकाऱ्याला ताळेबंद वाचायला शिकवला, ४० मिनिटं, अधिक २, त्याला कळलं तो क्षण दिसला’. दुसरी ओळ बघा. आकडे तिथेही आहेत, म्हणजे आकड्यांचा कंटाळा आलेला नाही. माणूस समोर नसण्याचा आलाय.

नोंदवही फसते ती दोन कारणांनी. एक, लोक रात्री बसून दिवसभराचं एकदम लिहितात. मग शेवटच्या तासाचा मूड सगळ्या दिवसाला लागतो. काम संपलं की लगेच लिहा. दुसरं, ‘मीटिंग, उणे २’ असं लिहून थांबतात. मीटिंगमध्ये वाद घातला, नुसतं ऐकलं की टिपणं काढली, हे क्रियापद नसेल तर त्या नोंदीतून काही हाती लागत नाही.

प्रश्न : मूल्यं ओळखा असं सगळे सांगतात. मला तर यादीतलं सगळंच महत्त्वाचं वाटतं : पैसा, मोकळीक, समाजसेवा, स्थैर्य. मग निवडायचं कसं?

सगळं हवंसं वाटणं साहजिक आहे, पण काही मूल्यं एकमेकांना ओढून धरतात. मानसशास्त्रज्ञ शालोम श्वार्ट्झ यांनी १९९२ मध्ये दहा मूलभूत मूल्यांची मांडणी वर्तुळात केली. त्यात शेजारची मूल्यं एकमेकांशी जुळतात, समोरासमोरची भांडतात. नवलाई आणि स्वनिर्णय एका बाजूला, तर सुरक्षितता, नियमपालन, परंपरा समोर. सत्ता आणि यश एका बाजूला, तर इतरांचं हित त्यांच्या समोर. म्हणजे मोकळीक आणि स्थैर्य दोन्ही पूर्ण मापात देणारं काम शोधत बसलात, तर ते सापडण्याची शक्यता कमीच.

म्हणून यादीला गुण देऊ नका, जोड्या लावा. आठ मूल्यं असतील तर २८ जोड्या होतात. प्रत्येक जोडीत एकावरच खूण करायची, बरोबरी चालणार नाही. शेवटी खुणा मोजा आणि वरची तीन घ्या. मग गेल्या दोन वर्षांत हातात असलेला मोकळा वेळ आणि पैसा कशावर गेला, ते त्यांच्याशेजारी लिहा. दोन्ही जुळत नसतील तर बहुधा आपल्याला शोभणारी मूल्यं लिहिली गेली आहेत, आपली नव्हेत. वरच्या तिनांत ‘सुरक्षितता’ आली तर त्यात कमीपणा काहीच नाही, उलट पुढचे कितीतरी चुकीचे निर्णय टळतात.

शेवटची पायरी बरेच जण गाळतात. प्रत्येक मूल्याचं तपासता येईल अशा अटीत रूपांतर करायचं. ‘मोकळीक’ म्हणजे नेमकं काय? दिवसाच्या कामांचा क्रम मी ठरवीन, की कुठून काम करायचं ते ठरवीन, की ग्राहकाला नाही म्हणू शकेन? या तिन्हींसाठी वेगवेगळी कामं शोधावी लागतात.

प्रश्न : मी यंत्र-अभियंता. इंटरनेटवर कलचाचणी दिली, त्यात ‘कलात्मक’ निघालं. अभियांत्रिकी सोडावी का?

एका शब्दावर सोडू नये. अशा बहुतेक चाचण्यांमागे मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडलेला सिद्धांत असतो. त्यात सहा प्रकार षटकोनावर येतात : प्रत्यक्ष हातकाम, शोधक, कलात्मक, सामाजिक, उद्यमी आणि पद्धतशीर. चाचणी वाचताना आपल्याला सर्वाधिक गुण मिळालेले पहिले तीन प्रकार एकत्र वाचायचे असतात. कलात्मकचा शेजारी शोधक, आणि शोधकचा शेजारी हातकाम. पहिले तीन असे लागून आले असतील तर वस्तूंचं डिझाइन, तांत्रिक चित्रण, प्रदर्शनांची मांडणी अशी कामं पाहा. तिथे तुमचं शिक्षण कामी येतं. आणि एक लक्षात असू द्या, ही चाचणी आवड मोजते, कौशल्य मोजत नाही.

प्रश्न : वय ४३, घर माझ्यावर अवलंबून. समुपदेशनाकडे वळायचंय. आधी राजीनामा, आधी कोर्स की आधी बचत?

यांपैकी काहीच नाही. आधी माणसांना भेटा. त्या कामातले पाच-सहा जण गाठा, आणि त्यांत ते काम सोडून गेलेले दोघे तरी असू द्या. टिकून राहिलेल्यांनाच विचारलं तर चित्र अर्धं राहतं. ‘कसं आहे हे क्षेत्र?’ असं विचारू नका, उत्तर गुळमुळीत येतं. ‘गेल्या मंगळवारी सकाळपासून काय काय केलंत?’, ‘पहिल्या दोन वर्षांत कमाई किती होती?’, ‘लोक हे काम कशामुळे सोडतात?’ असं विचारा. समुपदेशनात नोंदी लिहिणं, रद्द झालेल्या वेळा, दुसऱ्याचं दुःख ऐकून झाल्यावर उरणारा ताण, हे सगळं अशाच प्रश्नांतून कळतं.

मग नोकरी सांभाळून ३०-४० तासांचा अनुभव घ्या : हेल्पलाइनवर किंवा एखाद्या संस्थेत प्रशिक्षणासह स्वयंसेवा. त्याआधी आपल्या नोकरीच्या करारात बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलंय ते वाचा. त्या तासांची नोंदवही वर सांगितली तशीच ठेवा. कोर्स त्यानंतर. समुपदेशन, कायदा, नर्सिंग अशा क्षेत्रांत पदवी किंवा परवाना लागू शकतो, तो टाळता येत नाही. म्हणूनच फी भरण्यापूर्वी ही चव घेतलेली बरी.

आता पैशाचं. महिन्याचा खर्च काढताना वर्षातून एकदाच येणारे खर्च (विमा, शाळेची फी, दुरुस्त्या) १२ ने भागून त्यात घाला, हेच बहुतेकांकडून राहतं. समजा महिन्याचा खर्च १०० आणि स्थिरावेपर्यंत नवं काम ४० देईल. तूट ६०. स्थिरावायला नऊ महिने लागतील असा अंदाज असेल तर तो दीडपट करा, म्हणजे साधारण १४ महिने. ६० गुणिले १४ म्हणजे ८४०, म्हणजे जवळपास साडेआठ महिन्यांचा पूर्ण खर्च. याशिवाय आजारपण-अडचणीसाठी तीन महिन्यांचा खर्च वेगळा, त्याला हात लावायचा नाही. एवढी रक्कम जमेपर्यंत राजीनामा थांबू द्या. दरम्यान कामाचे तास कमी करून घेता येतात का, तेही विचारा. जमलं तर उडी लहान होते.

प्रश्न : पंधरा वर्षं विज्ञान शिक्षिका आहे. कंपन्यांसाठी प्रशिक्षण आखण्याचं काम करायचंय. इतकी वर्षं वाया जातील ही भीती वाटते, आणि रिझ्युमेत काय लिहू तेही कळत नाही.

गेलेली वर्षं निर्णयाच्या तराजूत घालू नका, ती दोन्ही पर्यायांत सारखीच खर्च झालेली आहेत. तुलना पुढच्या वर्षांची करा.

रिझ्युमेत ‘नववी-दहावीला विज्ञान शिकवले’ या वाक्यातून कंपनीला काही समजत नाही. तेच असं लिहा : ‘४० जणांच्या गटासाठी वर्षभराचा विषय २०० तासिकांत बसवला, दर सहा आठवड्यांनी चाचणी घेतली, मागे पडलेल्यांसाठी वेगळा सराव तयार केला’. आकडे अर्थातच तुमचे घाला. सोबत कामाचे दोन नमुने जोडा. २० मिनिटांचं एखादं सत्र, त्याचा आराखडा, सरावपत्रिका आणि शेवटची चाचणी. विषय शाळेचा नको, ऑफिसातला घ्या, उदाहरणार्थ नव्या माणसाला तक्रारनोंद शिकवणं. पाठवण्याआधी शिक्षणक्षेत्राबाहेरच्या कुणाला तरी रिझ्युमे वाचायला द्या आणि न कळलेल्या शब्दांखाली रेघ मारायला सांगा. ‘घटकचाचणी’, ‘परिपाठ’ असे शब्द तिथे सापडतीलच, ते सगळे बदला.